शेवटच्या कडव्यातलं नाव

केसरबाईला बसून राहता यायचं नाही. चहासुद्धा ती दारात उभी राहून प्यायची, एक पाय उंबऱ्यात आणि एक बाहेर. मुकुंदवाडीला रेल्वे रुळाच्या कडेला आमची वस्ती होती. तिचं घर माझ्या घराला लागून, मधे एकच पत्रा. गाणं सुचायला लागलं की त्या पत्र्यापलीकडून तिच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. तेवढ्याशा खोलीत ती काय फिरणार, पण फिरायची. नवरा कडुबा फाउंड्रीतून दमून आलेला असायचा. तो म्हणायचा, "बस की जरा. तुझ्यापायी मलाबी गरगरायला लागलं."

"बसले की सांडतं," ती म्हणायची.

म्हणजे गाणं सांडतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. एक ओळ सुचली की पुढची जुळेपर्यंत ती डोक्यात धरून ठेवायची, मग दोन्ही धरून तिसरीच्या मागं लागायची. भाकरी करपायची, दूध उतू जायचं, कडुबा गुपचूप उठून तवा उतरवायचा. पुढं मी तिच्या गायन पार्टीत झांजा वाजवायला लागले, म्हणून तिची ही हकिकत मला ठाऊक आहे. काही डोळ्यांनी पाहिलेली, काही तिच्याच तोंडून ऐकलेली.

केसरबाईचं माहेर औरंगाबाद शहराच्या कडेला. आई सखूबाई बिगारी काम करायची. विद्यापीठाच्या इमारती उठत होत्या तेव्हा सखूबाईनं तिथं दगड वाहिले होते आणि केसर वाळूच्या ढिगावर बसून ते बघत होती. पुढं तिचं लग्न कन्नड तालुक्यातल्या एका गावात झालं. देवगाव रंगारीच्या बाजाराला जाणारं लहानसं गाव. बौद्धवाड्यात कडुबाचं दोन खणांचं घर, दुसऱ्याच्या रानात मजुरी. जयंतीला, लग्नाला केसरबाई गाणी म्हणायची. लोक म्हणायचे, कडुबाची बायको ऐन वेळी जोडून म्हणती.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैअखेर मुंबईत विधिमंडळात ठराव झाला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. बौद्धवाड्यात पोरांनी गूळ वाटला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या नावाला विरोध म्हणून गावोगाव जाळपोळ सुरू झाली आणि ती त्यांच्याही गावात आली. कडुबा आणि केसरबाई अंगावरच्या कपड्यांनिशी ओढ्यात उतरले. पाऊस होता, ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. त्या पाण्यात उभं राहून त्यांनी स्वतःच्या घराचा धूर पाहिला. सकाळी परत आले तेव्हा भिंती ढासळल्या होत्या, छप्पर नव्हतं, आणि मधोमध दाराची चौकट मात्र उभी होती. काळी पडलेली, पण उभी. केसरबाई त्या चौकटीतून आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. "दुसरीकडून जाता आलं असतं," ती मला म्हणाली होती, "भिंतच नव्हती. पन मी दारातूनच गेले."

त्यानंतर ते शहरात आले. कडुबाला चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत काम लागलं. तेव्हा रोज नवा पत्रा चढत होता, नवी चिमणी उभी राहत होती. गावाकडून माणसं येतच होती. केसरबाईला औषधाच्या बाटल्या धुण्याच्या कारखान्यात ठेकेदारानं घेतलं. दिवसभर पाण्यात हात. बोटांची कातडी पांढरी पडून सुटायची. बाटल्यांच्या किणकिणीत तिनं तिथंच ते गाणं जुळवलं:

दगडावर नाव कोणाचं, पुसती लोकं गं बाई
दगड वाहिला ज्या डोईनं, तिचं नाव कुठंच नाई

आमच्या वस्तीत सखाराम नावाचा शिंपीकाम करणारा माणूस होता. त्याची गायन पार्टी होती: तो स्वतः पेटीवर, बद्रीनाथ ढोलकीवर, आणखी तीन-चार गडी. आवाज असा की रुळापलीकडच्या कॉलनीतली माणसं खिडकीत यायची. केसरबाई कोरसला उभी राहायची. तिनं सखारामला हे गाणं म्हणून दाखवलं. सखाराम पेटीवरचा हात थांबवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "वैनी, याला चाल थोडी उचलून घिऊ. मोर्च्यात चालता चालता म्हनता आलं पाहिजे."

चाल त्यानं खरोखरच सुरेख बसवली. आणि शेवटचं कडवं असं झालं:

सखाराम म्हणे गड्यांनो, घर जाळलं जरी
आमचं नाव आम्हीच लिहू, चौकटीच्या वरी

गायन पार्टीची ती रीतच होती. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव यायचं, आणि पार्टी ज्याची, कवी तो. सखारामच्या मनात काही खोट होती असं मला वाटत नाही. तो गाणी लिहून घ्यायचा, गाळलेल्या मात्रा भरायचा, सगळ्यांना शिकवायचा, आणि सवयीनं शेवटी आपलं नाव घालायचा. केसरबाईलाही पहिल्यांदा त्यात वावगं दिसलं नाही. उलट आपल्या ओळी एवढ्या माणसांच्या तोंडी आल्या याचाच तिला आनंद झाला. फक्त तिच्या येरझाऱ्या वाढल्या. कडुबानं विचारलं, "नवं सुचतंय का?"

"नाय. जुनंच टोचतंय."

ठराव कागदावरच राहिला, म्हणून एकोणऐंशीच्या थंडीत नामांतरासाठी सत्याग्रह झाला. गावागावांतून माणसं आली, त्यात बाया पुष्कळ. केसरबाईनं ठेकेदाराला सांगितलंही नाही, सरळ मोर्चात गेली. पोलिसांनी गाडीत भरलं तेव्हा एक शहरातला हवालदार म्हणाला, "चलो बाई लोगां, चढो जल्दी." केसरबाई पुढं होऊन पहिली चढली. आयुष्यात पहिल्यांदा ती मोटारीत खिडकीशी बसली होती, असं नंतर हसून सांगायची.

तुरुंगात बायांची बराक भरली होती. कोणी जालन्याकडची, कोणी सोयगावची, कोणी बीडची. कोणाच्या कडेवर पोर. तिथं दुपारच्या वेळी भामाबाई नावाची सोयगावकडची एक बाई भिंतीला टेकून गाणं म्हणायला लागली, आणि केसरबाईनं मान वळवली. ते तिचंच गाणं होतं. ते औरंगाबादहून सोयगावला कसं गेलं, कोणी नेलं, काही कळायला मार्ग नव्हता. ओळी थोड्या बदलल्या होत्या. 'डोईनं' च्या जागी भामाबाई 'पाठीनं' म्हणत होती, कारण त्यांच्याकडं बाया पाठीवर ओझं बांधायच्या. शेवटी ती म्हणाली, "सखाराम म्हणे गड्यांनो."

"कोन सखाराम, माहीत हाय का?" केसरबाईनं विचारलं.

"मोठा शाहीर आसल," भामाबाई म्हणाली. "त्याची माय दगड वाहत आसल. त्याबिगर आसं सुचतंय व्हय?"

केसरबाई उठून बराकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. मग भामाबाईच्या पुढ्यात उभी राहून म्हणाली, "दगड मपल्या मायनं वाहिले. सखूबाई तिचं नाव. गाणं मपलं हाय."

भामाबाई तिच्याकडं बघत राहिली. खोटं बोलतेस असं ती म्हणाली नाही, खरं आहे असंही म्हणाली नाही. "मग तुपलं नाव घालून म्हण," एवढंच बोलली.

केसरबाईनं तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. सखारामच्या जागी स्वतःचं नाव जिभेवर येईना. शरम वाटली, ती म्हणायची, जशी नवऱ्याचं नाव घ्यायला नव्या नवरीला वाटती तशी, पण हे तर स्वतःचंच. बाया ताटकळल्या. तेव्हा भामाबाईनंच वाट काढली. तिनं हातानं ठेका धरला आणि म्हटलं:

भामा म्हणे बायांनो, घर जाळलं जरी
आमचं नाव आम्हीच लिहू, चौकटीच्या वरी

तिच्या शेजारची दगडाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "दगडा म्हणे बायांनो." मग तिसरी, मग चौथी. काही बायांची नावं मोठी, ठेक्यात मावत नव्हती, तर त्या ओढूनताणून बसवत होत्या आणि हसत होत्या. एका म्हातारीला माहेरचं नाव आठवलं, ते लग्नापासून कोणी घेतलंच नव्हतं, तिनं ते घातलं. फिरत फिरत पाळी केसरबाईवर आली तेव्हा तिनं भिंतीकडं तोंड करून एकदाचं म्हटलं, "केसर म्हणे बायांनो." कोणी वळून पाहिलं नाही. सगळ्या जणी पुढच्या ओळीत होत्या.

सुटून आल्यावर वस्तीनं हार घातले. ठेकेदारानं कामावरून काढलं होतं, पण बाटल्या धुणाऱ्या बाया मिळेनात म्हणून महिन्याभरात त्यानंच परत बोलावलं. केसरबाईचं लक्ष तिकडं नव्हतं. विहारापुढच्या लिंबाखाली पार्टीची बैठक होती. ती सरळ तिथं गेली आणि उभ्यानंच म्हणाली, "सखारामभाऊ, त्या गान्यात मपलं नाव घाला."

सखारामला राग आला नाही. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "वैनी, गानं समाजाचं आसतं. नाव तुझं काय, मपलं काय. लोकायच्या तोंडी बसलं यात सारं आलं."

"मग विद्यापीठाचं पन तसंच म्हना की," केसरबाई म्हणाली. "शिकायशी मतलब. नाव काय आन् नाय काय. जेलात कामून गेलो आपन?"

सखाराम पेटीच्या भात्यावरची धूळ बोटानं पुसत राहिला. शेवटी बद्रीनाथ म्हणाला, "भांडन नको. आपन बाबासाहेबांची मानसं. हात वर करून ठरवू." त्यानं हात वर करायला सांगितले. नाव बदलू नये म्हणून गड्यांचे हात वर गेले. एकानं, तरण्या पोरानं, केला नाही, तो खाली बघत बसला. केसरबाईनं बदलावं म्हणून स्वतःचा हात वर केला.

"तुपला हात धरता येत नाय," बद्रीनाथ म्हणाला. "तू कोरसला येतीस. पार्टीत तुपलं नाव लावलेलं नाय."

त्यानं ते दुष्टपणानं म्हटलं नव्हतं, नियम म्हणून म्हटलं होतं. केसरबाईनं हात खाली घेतला. "बरं," म्हणाली आणि निघून आली.

त्यानंतर पत्र्यापलीकडून कितीतरी दिवस काही ऐकू आलं नाही. येरझाऱ्याही नाहीत. भाकरी करपत नव्हती, दूध उतू जात नव्हतं, आणि कडुबालाच ते सहन होईना. एका रविवारी तो माझ्या दारात येऊन म्हणाला, "तिला काही तरी बोल. घर खायला उठलंय." कडुबा कमी बोलणारा माणूस. फाउंड्रीत लोक त्याला बायको जेलात गेली म्हणून चिडवायचे तेव्हा तो मान खाली घालून काम करायचा. पण त्याच आठवड्यात त्यानं कुठून तरी एक जुनी पेटी आणली. दोन पट्ट्या वाजत नव्हत्या. ती केसरबाईपुढं ठेवून म्हणाला, "तुपली पार्टी तू काढ. मला वाजवता येत नाय, उचलून आनायचा जिम्मा मपला."

अशी बायांची पार्टी निघाली. मी झांजा घेतल्या. भामाबाई सोयगाव सोडून लेकीकडं मुकुंदवाडीला आली होती, तिचा आवाज जाड आणि पल्लेदार, ती कोरसला. पेटी केसरबाई पडत-झडत शिकली. अडलं ढोलकीपाशी. ढोलकी आमच्यात कोणाला येत नव्हती, आणि सखारामच्या पार्टीतला गडी आमच्याकडं येणार नव्हता.

बाटल्यांच्या कारखान्यात बिरू नावाचा धनगराचा पोरगा माल चढवायला होता. दुपारच्या सुट्टीत तो रिकाम्या पिंपावर हात मारायचा. त्याच्या घरी वडिलोपार्जित ढोल होता, त्या ढोलाचा हात त्याला होता. तो केसरबाईच्या सासरच्याच गावचा. आग लागली तेव्हा तो मेंढ्या घेऊन दूर रानात होता. त्याचे वडील मल्हारराव गावातच होते. मल्हाररावांनी जाळायला हात लावला नव्हता, आणि जाळणाऱ्याचा हात धरलाही नव्हता. हे बिरूला ठाऊक होतं, केसरबाईलाही. दोघं त्याबद्दल बोलत नसत.

"काकू, मी वाजवतो," तो एक दिवस म्हणाला.

"घरचे काय म्हनतील?"

"घर लांब हाय."

बिरूची ढोलकी सखारामच्या पार्टीसारखी नव्हती. तिच्यात रानातल्या ढोलाचा घुमारा होता. पहिल्या कार्यक्रमालाच लोक पुढं सरकले. आणि केसरबाईनं तुरुंगातली रीत इथं चालू केली. शेवटच्या कडव्यावर ती थांबायची, समोरच्या कोणाकडं तरी हात करायची, आणि त्या माणसानं स्वतःचं नाव घालून कडवं म्हणायचं. फाउंड्रीतले कामगार, भाजीवाल्या, कॉलेजातली पोरं, रिक्षावाला, सगळ्यांनी घातली नावं. शहागंजातल्या एका कार्यक्रमात एक म्हातारे चाचा म्हणाले, "मेरा नाम बैठता क्या इसमें?" आणि बिरूनं ठेका लांबवून ते बसवलं. जाताना लोकांचे चेहरे वेगळे असायचे. केसरबाई मात्र कार्यक्रम संपला की पहिली उठून चालायला लागायची. तिला वाटे, आपण काही तरी सोडून आलो.

मग एप्रिलमध्ये तिच्या सासरच्या गावाहून जयंतीचं बोलावणं आलं. बौद्धवाड्यातली काही घरं परत राहायला गेली होती. कडुबा म्हणाला, "जाऊ नको." लगेच म्हणाला, "जायचं तर मी येतो."

आम्ही दुपारी पोचलो. आल्या आल्या गावातल्या एका पुढाऱ्याचा निरोप आला: जयंतीची गाणी म्हणा, नामांतराचं नको, गावाची शांतता बिघडते. केसरबाईनं निरोप आणणाऱ्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. बौद्धवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत आम्ही बसलो. रस्त्याच्या पलीकडं हळूहळू गाव जमलं. जवळ कोणी येत नव्हतं, निघूनही जात नव्हतं. त्यात मल्हारराव होते, खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

केसरबाईनं आधी जयंतीची गाणी म्हटली. मग ते गाणं म्हटलं. पलीकडं थोडी हालचाल झाली, पण कोणी आडवं आलं नाही. शेवटच्या कडव्यावर ती थांबली आणि तिनं हात सरळ रस्त्यापलीकडं केला.

मला वाटलं, हे तिनं करायला नको होतं. रस्त्यापलीकडून कोण बोलणार? ढोलकी नुसती चालू होती. एक बाई पदर तोंडाला लावून आत गेली. कोणी तरी खाकरलं. केसरबाईचा हात तसाच होता. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. बिरू ढोलकीवरची नजर न उचलता म्हणत होता:

बिरू म्हणे गड्यांनो, घर जाळलं जरी

घर जाळलं. त्या गावात, त्या बाजूच्या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द पहिल्यांदा निघाले होते. पुढची ओळ आम्ही सगळ्यांनी म्हटली, पण मला ती ऐकू आली नाही. मल्हारराव वळून चालू लागले होते.

त्याचं फळ बिरूच्या घरच्यांना भोगावं लागलं. उन्हाळ्यात रिकाम्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायला शेतकरी त्यांना बोलवायचे, ते त्या वर्षी कोणी बोलावलं नाही. मेंढ्या घेऊन त्यांना पार सोयगावच्या पुढं जावं लागलं. बिरूला निरोप आला, घरी येऊ नको. तो कारखान्यात माल चढवत राहिला, ढोलकीही वाजवत राहिला, पण पिंपावर हात मारणं त्यानं बंद केलं.

केसरबाईला ते बघवेना. पुन्हा येरझाऱ्या. "गानं मपलं, आन् भोगतोय तो," ती म्हणायची. शेवटी देवगाव रंगारीच्या बाजाराच्या दिवशी ती एकटी एसटीनं गेली. मल्हारराव बाजारात भेटतील हे तिला माहीत होतं. मेंढरांच्या बाजूला ते भेटले.

"तुपल्या गान्यापायी मपलं रान गेलं," मल्हारराव म्हणाले.

"मपलं घर गेलं व्हतं, मल्हारराव. त्याची तकरार घिऊन मी आले नाय. बिरूला घरी यिऊ द्या, तेवढंच सांगायला आले."

"म्या हाकललं नाय त्याला. गावानं सांगितलं."

"तवा बी गावानंच सांगितलं व्हतं," केसरबाई म्हणाली.

मल्हारराव मेंढराच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "दिवाळीला त्याची माय वाट बघती. यिऊ दे." बिरू दिवाळीला गेला. बापलेकांचं बोलणं पहिल्यासारखं कधी झालं नाही, पण ताट एका ओळीत वाढलं जाऊ लागलं.

वर्षं गेली. मोर्चे निघत राहिले, आश्वासनं मिळत राहिली, तुरुंग भरत आणि रिकामे होत राहिले. चिकलठाणा भरला, वाळूजला नवी वसाहत उठली, रस्त्यावर स्कूटरी वाढल्या. आणि चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दिवशी, नाव आलं. मराठवाडा हे नाव राहिलं आणि त्याच्या आधी बाबासाहेबांचं जोडलं गेलं. नामांतराऐवजी लोक त्याला नामविस्तार म्हणू लागले.

आम्ही सगळे विद्यापीठाच्या दरवाज्याशी गेलो. माणसांचा पूर लोटला होता. कोणी रडत होतं, कोणी नाचत होतं. गेलेल्यांची नावं घेऊन घोषणा चालल्या होत्या. भामाबाईनं कमानीकडं बघून हात जोडले. केसरबाई उभी होती, आणि एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"आलं ना नाव," ती म्हणाली. "आलं. आन् मला वाटतंय, शेजारी जागा करून बसवलं. उठून जागा दिली नाय." मग स्वतःवरच चिडल्यासारखं म्हणाली, "एवढ्या मानसायनं जीव दिला, आन् मी मोजमाप करू लागले."

एका ट्रकवर सखारामची पार्टी होती. सखाराम म्हातारा झाला होता, आवाज फाटला होता. तो आमचंच गाणं म्हणत होता. शेवटचं कडवं आलं, त्यानं "सखाराम म्हणे" म्हणायला तोंड उघडलं, पण गर्दीनं त्याचं नाव येऊच दिलं नाही. प्रत्येक जण आपापलं नाव घालून ओरडत होता. शेकडो नावं एकदम. आमच्या पार्टीनं लावलेली सवय आता सगळ्या शहराची झाली होती. सखाराम पेटीवर हात ठेवून बघत राहिला. त्याला केसरबाई दिसली. त्यानं तिच्याकडं पाहून नुसती मान हलवली. तक्रार होती की कबुली, मला सांगता येणार नाही.

केसरबाईचं नाव त्या गोंगाटात कोणी घेतलं नाही. तिनं स्वतःही घेतलं नाही.

परत येताना बिरूनं विचारलं, "काकू, वाईट वाटलं?"

"नाय. वाईट नाय." जरा चालल्यावर म्हणाली, "मलाच कळंना. सगळ्यायला नाव पाहिजे म्हनून ती जागा मीच उघडी टाकली. मग आता मपल्या नावाला जागा कुठं राहिली? चांगलं झालं का वंगाळ झालं, तू सांग."

ती माणसं गात होती तेव्हा ते गाणं कोणा एकाचं राहिलं नव्हतं, आणि मला तर वाटतं त्यापरता मोठा मान कवीला मिळत नाही. पण ते बोलायला मला सोपं आहे. ते गाणं मी केलेलं नाही.

त्याच उन्हाळ्यात बाटल्यांचा कारखाना वाळूजला हलवला. गडी माणसांना नेलं, ठेक्यावरच्या बायांना दारातच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. कारण विचारलं तर साहेब बाहेर आले नाहीत. बाया गेटापुढं बसल्या. केसरबाई बसली नाही, ती गेटापुढं इकडून तिकडं चालत होती. बिरूला वाळूजचं काम मिळालं होतं, तरी तो खाडा करून ढोलकी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला गाणं सुचलं. या वेळी तिनं नाव शेवटच्या कडव्यासाठी राखून ठेवलं नाही. पहिल्याच ओळींत यमकात असं गुंतवलं की ते काढलं तर गाणंच उभं राहू नये:

आधी ऐकून घे साहेबा, मग खुशाल विसर
बाटली धुणारी बाई मी, नाव माझं केसर

बाया हसल्या, मग त्यांनी ते उचललं. भामाबाई म्हणाली, "आन् आमची नावं?"

"दुसऱ्या कडव्यापासून," केसरबाई म्हणाली. "एकेकीला एकेक कडवं. यमक जिचं तिनं आनायचं."

गेटापुढं ते गाणं पुष्कळ दिवस चाललं. काही बायांना वाळूजला घेतलं, काहींना नाही. केसरबाईला घेतलं नाही. ती पुढं लग्नाच्या मंडपांत भांडी घासायला जायची आणि तिथं कोपऱ्यात उभी राहून, ओल्या हातानं हवेत ठेका धरून, ओळी जुळवायची. कडुबा निवृत्त झाला होता. तो दारात बसून तिची वाट बघायचा, आणि ती आली की पेटी उचलून बाहेर ठेवायचा. वाजत नसलेल्या दोन पट्ट्या शेवटपर्यंत दुरुस्त झाल्या नाहीत. त्या टाळूनच ती वाजवायची.